घरची भाषा

शाळेच्या प्रवेश कचेरीतल्या ताईंनी फॉर्म वाचून चष्मा कपाळावर सरकवला. "अहो दादा, गेल्या वर्षी घरची भाषा वेगळी लिहिली होती. भाषा काय सदरा आहे, वर्षाला बदलायला?"

"तेव्हा हिची आई होती. भाषा तिची. मला येत नाही."

ताईंना बोलल्याचं वाईट वाटलं. लेक बापाचं बोट धरून उभी होती.

"पण मग हिचा त्या भाषेचा तास बंद होईल हो. घरात कुणीतरी बोलणारं लागतं. कुणीच नाही?"

"हीच बोलते, झोपेत. मी उशाशी बसून ऐकतो, पण एक शब्द कळत नाही."

ताईंनी फॉर्मवरची भाषा खोडून जुनीच लिहिली.

बाप घुटमळला. "ताई, त्या तासाला मागच्या बाकावर मी बसलो तर चालेल?"