बारा बिस्किटांची वाटणी

“तीन-तीन,” बिट्टी म्हणाली आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

बारा पेन्सिली, तीन मुलं. प्रत्येकाला किती? महिनाभर घोकून घेतलं तरी हिचं उत्तर आपलं तेच. पालथ्या घड्यावर पाणी! बरं, पोर मठ्ठ म्हणावी तर तसंही नाही. फळ्यावर नुसते आकडे लिहून दिले की भागाकार बिनचूक करायची. त्याच आकड्यांना माणसं चिकटली, त्यांची गोष्ट झाली, की ये रे माझ्या मागल्या. त्यातही बेरजेच्या गोष्टी जमायच्या, वजाबाकीच्या जमायच्या. वाटायची वेळ आली की घोटाळा.

उद्या परीक्षा होती. या खेपेला नापास झाली तर एक वर्ग खाली बसवायची, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं. बाईंना ते नको होतं. या अबोल पोरीवर त्यांचा जीव जडला होता. म्हणून तर शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं होतं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई बसली होती. नीटनेटकी, मऊ बोलणारी. “एकुलती एक आहे हो,” ती मघाशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, “हिला काही म्हणता काही कमी पडू देत नाही आम्ही.”

अशा मुलांसाठी बाईंकडे एक ठेवणीतला उपाय होता. पुस्तकातली माणसं सोडायची आणि मुलाच्या घरातली घ्यायची. पेन्सिलीही सोडायच्या आणि खाऊ घ्यायचा. सुताराचा मुलगा याच उपायानं मार्गी लागला होता. फक्त प्रत्येक गणितात बापाला दुप्पट वाटा देऊन मोकळा व्हायचा, एवढंच.

बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि बारा बिस्किटं टेबलावर मोजून ठेवली.

“हे तुझं घर. आई, बाबा आणि तू. दे बघू सगळ्यांना सारखी.”

बिट्टीचा हात भराभर चालला. तीन बिस्किटांची एक चवड आईची, एक बाबांची, एक तिची स्वतःची. उरलेली तीन तिनं टेबलाच्या कडेला एकापुढे एक अशी मांडली.

“आणि ही गं कोणाची?”

“दादाची.”

बाईंना हसूच आलं. एकुलत्या एका मुलांना असे मनातले भाऊ असतातच. म्हणजे चूक गणिताची नव्हतीच तर! त्यांना एकदम हलकं वाटलं.

“बरं बाई, दादाची. पण सगळ्यांची चवड रचलीस, मग त्याचीच का अशी पसरून ठेवलीस?”

बिट्टीनं आधी व्हरांड्याकडे पाहिलं. मग बाईंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “चवड दाराखालून जात नाही, बाई. अडकते. मग दादा आतून बोटांनी ओढत बसतो आणि आवाज होतो.”

बाईंनी तिला जवळ ओढलं. “कुठल्या दाराखालून?” असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं दारातून डोकावून पाहिलं.

“जमलं का हो आमच्या राणीला?”

बिट्टीनं कडेची तिन्ही बिस्किटं घाईघाईनं गोळा केली. एक आईच्या चवडीवर ठेवलं, एक बाबांच्या, एक स्वतःच्या.

“चार-चार,” ती आईकडे बघत म्हणाली. “घरी आम्ही तिघंच असतो.”