पळसाचा पत्ता

मयुरीने गाडी कॅनॉलच्या पुलावर उभी केली आणि डावीकडे पाहिलं. पळस नव्हता.

तिने पुन्हा पाहिलं. पूल तोच होता, बांधही तोच. सकाळी या शेताच्या म्हाताऱ्या मालकाचा, अण्णाजींचा, फोन आला होता, "येऊन जाय एकडाव," एवढंच बोलून त्यांनी ठेवला होता. आता ते बांधावर एकटेच उकिडवे बसलेले दिसत होते आणि त्यांच्या पुढ्यात खड्डा होता. एखादी बैलजोडी आत बसेल एवढा मोठा.

ती सोयाबीनमधून चालत निघाली. सोयाबीन म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. शेंगा धरलेली झाडं चिखलात लोळली होती आणि त्यांच्यावर बुटांचे, चपलांचे, मोटारसायकलींच्या चाकांचे ठसे उमटले होते.

काल पोळा झाला. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावायच्या, त्यांना मेढा म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरातली रोगराई त्या मेढ्यासोबत शिवेबाहेर फेकून यायची, ही इकडची जुनी रीत. रीत राहिली, पळस गेले. ट्रॅक्टर फिरवायला अडचण होते म्हणून बांधच मोडले, तिथं बांधावरच्या झाडांना कोण विचारतो? पळसाला पाने तीनच, ही म्हण पोरासोरांना पाठ. झाड दाखव म्हटलं की मास्तरसुद्धा इकडेतिकडे बघतात. म्हणून तर मयुरीने लिहिलं होतं. वर्ध्याच्या एका पेपरात दर रविवारी तिचा लेख यायचा, कधी झाडापाखरांवर, कधी घरातल्या पाण्यावर नि कचऱ्यावर. मागच्या रविवारी अण्णाजींच्या पळसावर आला. सावंगीच्या पुढे किती किलोमीटर, कोणता पूल, पुलाच्या कोणत्या हाताला, सगळं नेमकं. मोघम लिहिलेलं कोणाच्या मनात राहत नाही, असं ती कॉलेजात मुलांना शिकवायची. लेखाचं शेवटचं वाक्य होतं, 'एकदा तरी या पळसाला भेटून या.' त्या वाक्यावर ती दोन दिवस खूश होती.

लोक भेटून गेले होते.

"परवापासून येऊन राह्यले होते," अण्णाजी म्हणाले. "पयले दोघंचौघं आले. मोबाईलमंधी तुह्या लेखाचा फोटो. मी म्हटलं, न्या बापा, दोन डहाळ्यानं का होते. काल त रांगच लागली. कुऱ्हाडी घेऊन आले. एकानं त अख्खी फांदी नेली बुडापासून. साऱ्या कॉलनीले पुरवाची हाय म्हणे."

"आणि हा खड्डा?"

"धनंजयनं जेसीबी बलावला."

धनंजय अण्णाजींचा थोरला मुलगा. शेत आता तोच बघायचा.

"पण काऊन, अण्णाजी? पळस फुटतो ना. नुसता बुंधा ठेवला असता तरी..."

"फुटते म्हणूनच त काढला." अण्णाजींनी मातीचं ढेकूळ हातात घेऊन चुरडलं. "तो म्हणे, खुट राह्यला त पुढच्या साली पुन्हा पालवी येईन, अन् पुन्हा हे सारे येतीन. हातातोंडाशी आलेलं पीक गेलं त्याचं. त्याले का बोलू मी?"

मयुरीला धनंजयचा राग यायला हवा होता, पण आला नाही. राग आला तो स्वतःचा, स्वतःच्या त्या नेमकेपणाचा. करायला गेले काय आणि झालं काय! ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि आतून बाहेर आलेलं एक मूळ तिने हातात धरलं. तुटलेल्या टोकाला लालसर चीक आला होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पत्ता द्यायला नको होता मी."

"तू का खोटं लिहिलं का? चांगलंच लिहिलं. आमच्या बुढीनं, आनंदाबाईनं, नातीकडून दोनदा वाचून घेतलं." म्हाताऱ्याने खड्ड्यात पाहिलं. "माह्या बापाच्या वक्तापासून उभा होता. येणारे-जाणारे पाहेच नाई त्याच्याकडं. म्हणून होता, पोरी."

तेवढ्यात मयुरीचा फोन वाजला. लेखाखाली तिचा नंबर छापलेला असायचा, त्यामुळे वाचकांचे फोन कधीही यायचे. हात चिखलाने भरले होते. तिने करंगळीने स्पीकर लावला.

"मयुरीताई बोलून राह्यल्या का? मी कौशल्याबाई, वर्ध्यावरून." आवाज म्हातारा होता आणि आनंदाने कापत होता. "पंधरा वर्सं झाले ताई, आमी अशोकाच्या फांदीवर भागवून राह्यलो. औंदा पोरगा तुमच्या पत्त्यावर गेला अन् खरा मेढा घेऊन आला. दाराले लावला न, त डोये भरून आले माह्ये. माय आठवली मले."

मयुरीने हातातलं मूळ खाली ठेवलं.

"लय पुण्याचं काम करता तुमी. फक्त एक करजा ताई. पुढच्या साली पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीच लिहजा, दुसरं झाड कुठी हाय ते. ऐन वक्तावर लय गर्दी होते म्हणे तिथं. लिहसान ना?"

अण्णाजींनी मान वर करून मयुरीकडे पाहिलं.

वाचकाला नाही म्हणायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं, "हो मावशी, लिहीन."