चपलांपाशी

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी सुतारकाकांना कळलं, की आपला धाकटा दर रविवारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत जातो. टीव्हीवरच्या एका अंतराळ-मालिकेचे वेडे तिथे सोंगं घेऊन जमायचे. पोराला बखोट धरून आणायला काका गेले, आणि हिरव्या तोंडाचा शिंपी नि पंख लावलेल्या शाळेच्या बाई बघून त्यांना हसू आवरेना.

"काका, इथला नियम आहे," बाई म्हणाल्या. "जो हसेल त्याने बाहेर बसून चपला राखायच्या."

काका फणकाऱ्याने बाहेर बसले. तेवढ्यात दारामागून मालिकेतल्या सेनापतीचा खणखणीत आवाज आला, मागोमाग टाळ्या. घरी मान खाली घालून हूं की चूं न करणारा त्यांचा धाकटाच तो.

पुढच्या रविवारी काका आपणहून चपलांपाशी येऊन बसले. टवाळखोर आले की म्हणायचे, "हसायचंय ना? माझ्यासमोर पोटभर हसून घ्या. आत नाही." पुढे कित्येक वर्षं ती जागा त्यांचीच.

थोरलीची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी काका गेले. "मला न्यायला सोंगातच या," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून अख्खं मंडळ तसंच दारात आलं. धाकट्याच्या मामांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते.

धाकटा सगळ्या भावकीसमोर उभा राहिला. सेनापतीच्या आवाजात म्हणाला, "मामा, बाहेर बसून चपला राखा. ती जागा आजच रिकामी झालीय."