सातवी खुंटी

आमचे खापरपणजोबा सुभेदार हंबीरराव. लोणंदजवळचं हे घर बांधताना त्यांनी सोप्याच्या भिंतीत सात सागवानी खुंट्या बसवल्या, घरातल्या फौजींच्या टोप्यांसाठी. सहांवर टोप्या आहेत. त्या सहाजणांची नावं गावच्या हुतात्मा स्तंभावरही आहेत.

सातवी रिकामी. मी कॅप्टन होऊन सुट्टीवर आले, पण ती माझी टोपी धरेना. टांगली की खाली. वारा नाही, मांजर नाही. आठ दिवस मी टोपीची धूळ झटकतेय. गावानं हार घालून सत्कार केला आणि माझ्याच घराला बाईची टोपी चालेना.

"लाकडालाबी बाईमाणूस खपंना व्हय, आबा?" मी वडिलांना विचारलं.

आबांनी फौजेत चोवीस वर्षं काढलेली. "माझीबी कवा टिकली न्हाई," ते म्हणाले. "ट्रंकेत हाय. तूबी तितंच ठेव."

मी कशाला ठेवू? आज निघायच्या दिवशी रागानंच पुन्हा टांगली.

राहिली. खुंटी हलवून पाहिली, तरी राहिली.

"बघा आबा."

आबांनी मान वर केली नाही. ते माझी भरलेली बॅग उघडून एकेक कपडा बाहेर काढत होते.