एक नंबरची पसंती

“एक नंबरले पुणंच टाक,” नमिता म्हणाली आणि अंजूच्या हातातून माऊस घेऊन तिनं स्वतःच ते टाकलं.

आठ दिवस हेच चाललं होतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. अंजूला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल होते. पुण्याचं सरकारी कॉलेज तिला हमखास मिळणार होतं. नमिताला होते एकसष्ट. तिला नागपूरचं एक खासगी कॉलेज मिळालं तरी गंगेत घोडं न्हालं, असं तिचे वडीलच म्हणत. त्या कॉलेजात वर्षातून तीनदा गॅदरिंग व्हायचं, सहली निघायच्या, आणि मधूनमधून प्राध्यापकही यायचे.

वडील म्हणजे कृष्णकांत सर. सेलूच्या शाळेत गणित शिकवत. गावातल्या निम्म्या पोरांचे फॉर्म त्यांच्याच टेबलावर भरले जात. त्यांनी दोघींना बजावून ठेवलं होतं, की एक नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्या फेरीत लागलं तर पुढचं दार बंद. ते घ्यायचं, नाही तर घरी बसायचं.

अंजू पाचवीपासून या घरात अभ्यासाला येई. तिचा बाप पुनाजी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. घरी गोंडी बोलणारी ही पोर पहिल्यांदा आली तेव्हा ‘हो’ आणि ‘नाई’ एवढंच बोलायची. सरांनी तिला घडवलं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एका जाड फाइलमध्ये ते दोघींच्या मार्कलिस्टा समोरासमोर लावून ठेवत. डाव्या पानावर अंजूची, उजव्या पानावर नमिताची. पाहुणा आला की चहाच्या आधी फाइल यायची. डावं पान मोठ्यानं वाचून झालं की सर उजव्या पानावर नुसतं बोट ठेवत आणि हसत. पाहुणेही हसत. मग नमिता चहा आणून द्यायची.

दुसरी एखादी असती तर तिनं अंजूचा दुस्वास केला असता. नमिता उलट तिलाच पुढं ढकलत होती. एवढं मोठं मन कुठून आणलं हिनं, असं अंजूला वाटे आणि तिचे डोळे भरून येत.

“माझ्याबिना करमन का तुले?” अंजूनं विचारलं.

“माझा विचार करू नको. तू पुण्याले जाय.”

“अन् तुले काय आवडलं येवढं त्या नागपूरच्या कॉलेजात?”

“हाय काहीतरी,” नमिता म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

फॉर्म पक्का करायचा ओटीपी पुनाजीच्या मोबाइलवर यायचा. त्यामुळं शेवटचं बटण घरीच दाबायचं होतं. पुनाजीनं मोबाइल दिला. जाऊ नको असं तो म्हणाला नाही. त्यानं एवढंच विचारलं, “पुण्यात आपलं कोन हाय?”

कोणीच नव्हतं. अंजूला भीती वाटत होती, आणि ती काही लपवण्यासारखी भीती नव्हती. होस्टेलात पाचशे पोरी असतील. त्यांतली एकही तिला जेवायला हाक मारणार नाही. आणि इकडं नागपुरात नमिता एकटी असेल, जिनं स्वतःचा विचार सोडून तिला पुण्याला जा म्हणून सांगितलं. अभ्यास काय, आपण केला तर कुठंही होतो. जिवाभावाचं माणूस पुन्हा मिळत नाही. अंजूनं मोबाइलवर नागपूरचं कॉलेज उचललं आणि पुण्याच्या वर ठेवलं. ओटीपी टाकला. नमिताला काही सांगायचं नाही, एकदम चकित करायचं, असं तिनं ठरवलं. त्या दिवशी ती जेवताना उगाच हसत होती.

पहिल्या फेरीची यादी लागली तेव्हा ती धावतच सरांच्या घरी आली. सर स्क्रीनसमोर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नागपूरच्या कॉलेजात दोन्ही नावं होती.

“हे काय केलं तू, अंजू?” ते म्हणाले. “आता बदलत नाई हे.”

“मले बदलवायचंच नाई, सर. आम्ही संगंच शिकू.”

सरांच्यातला मास्तर मनापासून हळहळला. पण मास्तरापेक्षा बाप लवकर सावरला. पोरगी आता नापास व्हायची नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. “बरंच झालं,” ते म्हणाले. “दोघी एकाच खोलीत राहा. हिच्यावर लक्ष ठेवजो.” त्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला आणि कपाटातून फाइल काढली. मागं बरीच कोरी पानं होती. आठ सेमिस्टरं सहज मावली असती.

नमिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अंजूनं जाऊन तिला मिठी मारली. नमिताचे हात खालीच राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“रडून काऊन राह्यली? मी हाय ना आता,” अंजू म्हणाली. “चार वर्षं.”

नमितानं गळ्यातले तिचे हात सोडवले. बाहेर सर फाइलीत नवीन पानं घालत होते, त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती बोलली.

“मले गॅदरिंग नको होतं, अंजू, अन् सहलीही नको होत्या. तू नसशील असं एक कॉलेज पाह्यजे होतं.”