अंगठ्यापुरती जागा

दंतवैद्याच्या पत्रकाचं कामही शेवटी ‘शिकाऊ’नेच नेलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये थंड झालेला चहा पुढ्यात ठेवून तिने तो निरोप वाचला आणि लॅपटॉप मिटला. रागवायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्याकडे उरलं नव्हतं.

ती कामं घ्यायची त्या संकेतस्थळाची रीत साधी होती. ज्याला पत्रक, मेनूकार्ड नाहीतर दुकानाची पाटी करून हवी असेल तो काम मांडायचा आणि करणारे आपापला दर सांगायचे. खरं नाव कुणाचंच नाही, सगळा टोपणनावांचा बाजार. ती तिथे ‘पाकोळी’ होती. वर्गात पेंगत, डोळे चोळत का होईना, आजवरची फी तिने या कामावरच भरली होती. मग हा शिकाऊ उगवला. ती सांगेल त्याच्या निम्म्या दरात हा तयार. गिऱ्हाइकाने सतरा वेळा रंग बदलायला लावले तरी याची कुरकुर नाही. तिने दर उतरवला, तसा तो आणखी खाली उतरला. शेवटच्या वर्षाची फी महिनाअखेर भरायची होती. नाही भरली तर परीक्षेवर पाणी सोडायचं, दुसरं काय.

घरात बाप-लेक दोघंच. बाबा कामाला होते तो छापखाना बंद पडला होता. तेव्हापासून ते सकाळी डबा घेऊन वाचनालयात जात आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी परत येत. इतकं काय वाचता, असं विचारलं की म्हणत, वेळ जातो. तिला आतून चीड यायची. माणसाने थोडे हातपाय हलवावेत की नाही? तिचा जुना लॅपटॉप दुरुस्तीला टाकतो म्हणून घेऊन गेले, त्याचाही पत्ता नव्हता. मध्ये एकदा जेवताना त्यांनी सुचवून पाहिलं, की परीक्षेपर्यंत ही कामं सोडून नुसता अभ्यास केलास तर?

“आणि फी कोण भरणार?” ती म्हणाली.

बाबा ताटं उचलून घासायला गेले. आपण जरा लागेल असं बोललो हे तिला कळलं, पण माफी मागायचाही कंटाळा आला होता.

दंतवैद्याचं काम गेलं त्या दिवशी कँटीनमध्येच तिने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि शिकाऊची आजवरची कामं पाहायला घेतली. बेकरीचं पत्रक, मोटार शिकवणाऱ्यांचं, पाळणाघराचं. पाहता पाहता तिची झोप उडाली. प्रत्येकाच्या तळाशी दोन बोटं रुंद कोरी पट्टी. ही तर तिची लहानपणापासूनची सवय. माणूस पत्रक खालून धरतो, मजकूर अंगठ्याखाली जाऊ नये, म्हणून ती तेवढी जागा मोकळी ठेवायची. जागा फुकट घालवतेस म्हणून डिझाइनचे सर दरवेळी ओरडत. अख्ख्या वर्गात दुसरं कुणी असलं काही करत नव्हतं.

म्हणजे चष्मिस. वर्गात तिच्या शेजारी बसणारा, मान लांब करून तिच्या स्क्रीनमध्ये डोकावणारा. वर नाव घेतलं होतं शिकाऊ! तिला आता सगळं लख्ख दिसायला लागलं.

तिने स्वतःची जुनी पत्रकं आणि त्याची नवी पत्रकं शेजारी शेजारी लावून संकेतस्थळाकडे नकलेची तक्रार केली. तिची सगळी आधीची, त्याची नंतरची. चारच दिवसांत उत्तर आलं. तक्रार मान्य झाली होती. शिकाऊचं खातं बंद आणि त्यात साठलेली रक्कम जप्त. क्षणभर तिला चुकचुकल्यासारखं झालं. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. पण त्याने तिच्या पोटावर कधीचा दिला होता.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडून निरोप आला, की पहिला माणूस काम अर्धवट टाकून गायब झालाय, तुम्ही कराल का? तिने तिचा जुना दर सांगितला आणि त्यांनी तो मुकाट्याने मान्य केला. वर्गात चष्मिस शीळ घालत आला, न मागता स्वतःच्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या आणि जरा झोपत जा, म्हणाला. काय निगरगट्ट माणूस, असं मनात म्हणत तिने त्या परत सरकवल्या.

संध्याकाळी ती घरी आली ती आज लवकर झोपायचं ठरवूनच. बाबा तिच्या आधी आलेले होते. दिवा न लावताच टेबलाशी बसले होते आणि समोर तिचा जुना लॅपटॉप उघडा होता.

“हा चालू झाला?” तिने विचारलं.

“कधीचाच.”

मग ते तिच्याकडे न बघता सांगत राहिले. वाचनालयात बसून ते त्यावर पत्रकं करत होते. उभी हयात छापखान्यात पानं लावण्यात गेली, तर एवढं जमेल असं वाटलं. नवख्याला कोण विचारतो, म्हणून मिळेल त्या दरात घेत गेले. तुझ्या फीपुरते साठतच आले होते, म्हणाले, भरूनच सांगणार होतो, म्हणजे तू परीक्षेपर्यंत नीट झोपली असतीस.

ती उभीच राहिली. पाठीवरची पिशवी काढायचंही तिला सुचलं नाही.

“खातं बंद केलं त्यांनी, पैसेही गेले,” बाबा म्हणाले. “तीस वर्षं मी पत्रकाखाली अंगठ्यापुरती जागा सोडत आलो. तुला चित्रं काढायला छापखान्यातले कागद आणायचो, त्यावरही आधी तेवढी पट्टी आखून द्यायचो. आणि हे म्हणतात, ती मी कुणा पाकोळीची चोरली.”