झाकणं

"परत बशीच्या झाकणावर लिहिलंस?" इबोयाने विचारलं.

"तळावर लिहिलं की शाई भिंगाखाली आड येते गं," चेंगे म्हणाली.

"सर काय म्हणतात? झाकणं नवऱ्यासारखी असतात. कधी कुणाकडे जाऊन बसतील, नेम नाही."

"मग माझ्याकडे तरी कुणी येऊन बसेल." चेंगे हसली. डोळे लाल होते तिचे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसलं की होणारच.

उबपेटीत तिच्या बशा ओळीने मांडलेल्या होत्या. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवायच्या. त्यांनी एकमेकींना धागे जोडले की सुईच्या टोकाने मधोमध ओरखडा काढायचा. ही झाली जखम. मग अर्ध्या बशांत चेंगेचं औषध, अर्ध्यांत नुसतं खारं पाणी. दोन दिवसांनी बघायचं, या काठावरची पेशी त्या काठाला हात

/

पोचवते की नाही. इबोया ओरखडे काढत नसे. ती पेशींचा प्राणवायू तोडायची आणि वाट बघायची. काम पक्कं, पण संथ. हंगेरीतल्या सेगेदच्या त्या प्रयोगशाळेत संथ कामाकडे कोण बघतो?

कायमची जागा एकच होती. शुक्रवारी सेंद्रेई सर नाव सांगणार होते. जागा हुकली तर उन्हाळ्यात इबोयाला माकोला परत जायचं होतं, आईच्या कांद्याच्या शेतात.

चेंगेला आकडे विचारले की ती नजर चुकवायची. पिकलेलं फळ पदराखाली झाकावं तशी. सरांचं दार तर ती आत गेली की हल्ली वरचेवर बंद व्हायचं. मंगळवारी ते उघडलं तेव्हा सरांचा हात चेंगेच्या खांद्यावर होता. इबोयाच्या खांद्यावर तो इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता.

बुधवारी चेंगेने बशांत औषध घातलं आणि भांडारातून रिकामे खोके मागवले.

"मोठी खोली मिळतेय वाटतं?" इबोयाने विचारलं.

"बघू." चेंगेने आपल्या खुर्चीवरची मऊ गादी काढली आणि इबोयाच्या खुर्चीवर ठेवली. "ही तू वापर. मला नाही लागायची आता."

जुनी गादी! मोलकरणीला जुनी साडी द्यावी तशी. इबोया "थँक्यू" म्हणाली आणि दिवसभर त्या गादीवर

/

निखाऱ्यावर बसावं तशी बसली.

गुरुवारी चेंगेने डबाभर पोगाचा आणल्या. चीज घातलेल्या, खारट बनपावांसारख्या, अजून कोमट.

"आज तुझा नामदिवस आहे का, खाऊ वाटायला?"

"नाही गं. उगाच. सगळ्यांनी मिळून खाऊ म्हटलं एकदा."

निकालाआधीच पेढे! इबोयाने एक पोगाचा तोंडात टाकली. चांगली झाली होती. तेही तिला सहन झालं नाही.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले. "माझं पोट दुखतंय," इबोया म्हणाली.

तिने उबपेटी उघडली. औषधाच्या बशांची झाकणं निळ्या शाईची, पाण्याच्या बशांची काळ्या शाईची. निळं झाकण उचललं, शेजारच्या बशीवर ठेवलं. तिथलं काळं इकडे. पुढची जोडी. एक थेंब सांडला नाही, एका पेशीला धक्का लागला नाही. आता बऱ्या झालेल्या बशा पाण्याच्या ठरतील आणि मेलेल्या औषधाच्या. चेंगेचं औषध फुकट आहे हे चेंगे स्वतःच मोजून सांगेल. इबोयाने पेटी लावली आणि

/

शुक्रवारी सकाळी चेंगे मोजायला बसली. सर मागे उभे होते. इबोया कोपऱ्यात नळ्या धूत होती. धुतलेल्याच पुन्हा धूत होती.

चेंगेने एक बशी बघितली. दुसरी बघितली. पहिली परत ठेवून बघितली. मग खुर्ची मागे कोसळली आणि ती तोंडावर हात धरून हुंदके द्यायला लागली.

इबोयाने हात पुसले. शब्द तिने रात्रीच ठरवून ठेवले होते. ती पुढे गेली, चेंगेला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"होतं गं असं. एक औषध नाही चाललं म्हणून काही..."

"चाललं!" चेंगेने तिला घट्ट मिठी मारली. "सांधल्या गं! अगं, दर खेपेला पाण्यातल्या पेशी आपल्याआप सांधायच्या आणि याच औषधाने मरायच्या. मंगळवारी सरांना सांगून मोकळी झाले होते, ही माझी शेवटची खेप, यातही मेल्या तर मी जाते, जागा इबोयाला द्या."